जावांचं मौन

पालेगावच्या वेशीबाहेरच्या वाड्यात जिजा आणि कौसाबाई या दोघी जावांची घरं एकाच कुडाच्या दोन अंगांना होती. तिकडे कुणी खोकलं की इकडे कळायचं. इकडे तव्यावर भाकरी करपली की तिकडे वास जायचा. पण अंजनी गेल्यापासून दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि त्याला आता नऊ वर्षं होत आली होती.

अंजनी ही जिजाची थोरली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि कल्याणजवळच्या लष्करी बराकी माणसांनी भरून गेल्या, तेव्हाची गोष्ट. बराकींच्या मधल्या मोकळ्या जागेत दुकानं उठत होती, भिंती चढत होत्या, आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना माती-विटा वाहायचं काम मिळत होतं. जिजा उजाडायच्या आत उठून त्या बराकींच्या दोन नंबर कॅम्पात जायची ती दिवस मावळता परतायची. तीन वर्षांची अंजनी मागे कौसाबाईपाशी असायची. कौसाबाई थोरली जाऊ. तिचा नवरा हिंदुराव छातीच्या दुखण्यानं तरुणपणीच गेला होता, पदरात मूल नव्हतं. पोर तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. जन्मदात्या आईला ती सगळ्यांसारखं 'जिजा' म्हणायची आणि कौसाबाईला 'माय'.

एके दिवशी पोरीला ताप भरला. कौसाबाईनं तिला मरीआईच्या देवळीत नेऊन निजवलं, अंगारा लावला, भगताला बोलावून आणलं. भगतानं लिंबू उतरवून टाकलं आणि आई राखेल म्हणून सांगितलं. कौसाबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली. जिजा परत आली तेव्हा अंजनीला झटके येत होते. कल्याणच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपेपर्यंत ती गेली.

सगळा वाडा अंगणात जमला होता. त्या सगळ्यांसमोर जिजा कौसाबाईच्या अंगावर धावून गेली. "वांझोटे, तू खाल्लीस माझी पोर! डाकीण हायेस तू, डाकीण!"

कौसाबाईनं उत्तर दिलं नाही. नुसती उभी राहिली आणि मग आपल्या घरात गेली. त्या दिवशी जो अबोला धरला गेला तो सुटलाच नाही. जिजाचा नवरा जनू अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होता. कामावरून आला की भावजयीच्या दारात उभा राहून तिला काय हवं-नको ते विचारायचा, दळण आणून द्यायचा. बायकोला त्यानं पुष्कळ समजावून पाहिलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही पाहिलं. पुढे जिजाला मुलगा झाला, दिनानाथ. वाड्यातल्या सगळ्या बायका बारशाला आल्या, कौसाबाई आली नाही, आणि जिजानं तिला बोलावलंही नव्हतं. मग लोकांनीही नाद सोडला.

बाबासाहेब गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाड्यानं धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी घराघरातले देव गोळा करून बदलापूरला उल्हास नदीत सोडायला नेले. तरुण पोरं हलगी वाजवत पुढे होती. काही म्हाताऱ्या रडत होत्या, काहींनी देव धान्याच्या कणगीत लपवून ठेवले होते. कौसाबाईनं मात्र मरीआईचा पत्र्याचा टाक आपल्या हातानं देवळीतून काढला, पाटीत घालून डोक्यावर घेतला आणि नदीत कमरेएवढ्या पाण्यात जाऊन सोडला. "बघा, कौसाबाई बघा! शिका काही!" पोरं ओरडली. काठावर उभ्या असलेल्या जिजाच्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्या या पत्र्याच्या देवीपायी माझी पोर गेली, आणि आज ही तिला असं सहज फेकून देते, आणि लोक हिचं कौतुक करतात. त्या दिवसापासून तिचा राग उलट वाढला.

त्याच सुमारास अंबरनाथच्या पत्र्याच्या विहारात भंते रेवत येऊन राहिले. मूळचे खानदेशातले, पोटासाठी रंगूनच्या गोदीत गेलेले. तिथेच त्यांनी भिक्षूचं चीवर घेतलं आणि तिथल्याच एका वृद्ध गुरूकडे ध्यान शिकले. बुटके, काळेसावळे, एका कानानं कमी ऐकणारे. प्रवचन करताना मध्येच थांबून आठवल्यासारखं करायचे. एका पौर्णिमेला त्यांनी सांगितलं, की भातं घरात आली की पौषात चंदेरीच्या डोंगराखाली, नवसू ठाकराच्या माळावर, अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत मौनात राहायचं आहे. ज्याला यायचं त्यानं पांढरं लुगडं किंवा धोतर, एक अंथरूण आणि ताट घेऊन यावं.

बाप्यांना कारखान्यातून रजा मिळणं कठीण, त्यामुळे नावं दिली ती बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी. जिजानंही दिलं. कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षी शेजारच्या घरातल्या पोरीचं लग्न ठरलं होतं. ती पोर आणि अंजनी एकाच महिन्यातल्या. हळदीच्या दिवशी जिजा मांडवातून उठून घरी आली आणि उगाचच जनूशी भांडली, दिनानाथला मारलं. रात्रभर तिला छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत राहिलं. जनूच म्हणाला, "जा तू. पोराचं मी बघतो. जाऊन ये."

बदलापूरपासून पायवाटेनं ती माळावर पोचली तेव्हा गवतानं शाकारलेल्या दोन लांब झोपड्या दिसल्या, एक बायकांची, एक बाप्यांची. मध्ये आंब्याच्या झाडाखाली सारवलेली जागा. बायकांच्या झोपडीत शिरून तिनं वळकटी टाकली आणि शेजारच्या अंथरुणावर बसलेल्या बाईकडे पाहिलं. ती कौसाबाई होती. ती पहाटेच निघून दुसऱ्या वाटेनं आली होती. बाकीच्या बायका अंबरनाथच्या नाहीतर कॅम्पाकडच्या, पालेगावचं आणखी कुणी नव्हतं. जिजानं वळकटी उचलली, पण दुसरी जागाच उरली नव्हती. तिनं ती परत खाली टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

संध्याकाळी मौन धरायच्या आधी भंत्यांनी सगळ्यांना आंब्याखाली बसवलं. "नेक्खम्म म्हणजे सोडणं," ते म्हणाले. "इथे आपण सोडायला शिकायचं. कुणाला काही विचारायचं असलं तर आत्ताच विचारा. नंतर बोलायचं नाही."

जिजाला राहवलं नाही. "भंते, सोडायचं म्हणता, पण आमच्याकडं हाये काय? जमीन नाय, गुरंढोरं नाय. ज्यांच्याकडं हाये त्यांनी सोडावं. आम्हाला तर जन्मभर दुसऱ्यांनीच सोडाय लावलं."

दोन-चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. भंत्यांनीही मान डोलावली. मग म्हणाले, "बाई, खरं आहे तुमचं. मलाही हेच वाटलं होतं. रंगूनच्या गोदीत माझ्याजवळ एक छत्री होती, बाकी काही नाही. तीही एकानं चोरली. मी विहारात गेलो, डोकं भादरलं, गुरूंनी डोळे मिटून बसायला सांगितलं, आणि मी काय करत होतो? त्या छत्रीचोराला मनात बडवत होतो. फार दिवस बडवलं त्याला. छत्री गेलीच होती. तो माणूस मात्र मी सोडत नव्हतो."

लोक हसले. जिजा हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मौन सुरू झालं. दुपारनंतर जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही, खुणाही नाहीत. डोळे मिटून नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. आला तर आला, गेला तर गेला. जिजाला वाटलं, एवढंच? पण श्वास दोन वेळा सापडायचा आणि मग मन कुठल्या कुठे. चुलीवर, कॅम्पातल्या विटांवर, दिनानाथच्या फाटक्या सदऱ्यावर. पाय बधिर व्हायचे. डोळे किलकिले करून पाहावं तर समोर कौसाबाई, पाठ ताठ, ओठ मिटलेले. जिजाच्या मनात यायचं, हिला काय अवघड? नऊ वर्षं सराव आहे हिचा.

स्वयंपाकाचं तुळशीकडे होतं. ही अंबरनाथची जाडजूड, कामसू बाई. शिबिरात भंत्यांखेरीज तिला एकटीलाच बोलायची मुभा होती, आणि ती पुरेपूर वापरत होती. ओढ्यावरून पाणी आणायच्या पाळ्या तिनं लावल्या. दोघी जावांचं तिला काही ठाऊक नव्हतं. त्यांची अंथरुणं शेजारी होती म्हणून तिनं त्यांची जोडी केली. "तुम्ही दोघी मोठा हंडा आणा. काठीला बांधून न्या, जड हाये."

नाही म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. जिजा पुढे झाली, काठीचं एक टोक खांद्यावर घेतलं, दुसरं कौसाबाईनं घेतलं. ओढा वरच्या अंगाला, कातळातून वाहणारा. भरलेला हंडा घेऊन उतरणीनं खाली यायचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा जिजा कोवळी पोर होती. सरपणाच्या मोळ्या, भाताचे भारे, सगळं तिनं कौसाबाईच्या जोडीनंच उचललं होतं. पाय आपोआप एका तालात पडू लागले. ठेच लागायच्या जागेवर दोघी एकदम थांबायच्या आणि एकदम निघायच्या. जिजाला त्याचाच राग आला.

उतरणीवर पुढच्याच्या खांद्यावर वजन यायला हवं. पण जिजाचा खांदा हलका लागत होता. तिला वाटलं, हंडा अर्धाच भरला म्हातारीनं. तिनं मान वळवून पाहिलं. हंडा काठोकाठ भरलेला होता. कौसाबाईनं एका हातानं दोरी मागे ओढून धरली होती आणि सगळा भार आपल्या खांद्याशी घेतला होता. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. जिजानं झटक्यानं मान पुढे केली. दुसऱ्या दिवशी काठी उचलायच्या वेळी ती गपचूप मागच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. कौसाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढे गेली.

दिवस असे गेले. मौन पाळता पाळता काही बायकांचे चेहरे सैल झाले होते. एक म्हातारी बसल्या जागी झोपायची आणि घोरायची, तेव्हा सगळ्या ओठ दाबून हसायच्या. जिजालाही आता अधूनमधून श्वास सापडत होता. कधी कधी वाटायचं, छातीवरचा धोंडा थोडा सरकला.

मग द्वादशीच्या दुपारी भंत्यांनी मैत्रीचं ध्यान सांगितलं. "आधी स्वतःला म्हणा, माझं भलं होवो. मग जी माणसं आवडतात त्यांना म्हणा. मग वाटेवर भेटणाऱ्या, ओळख नसलेल्या माणसाला. आणि मग ज्याच्यावर राग आहे त्याला. जमेल तेवढंच म्हणा. नाही जमलं तर नाही जमलं, तेही नीट बघा. खोटं म्हणू नका."

जिजानं जनूचं भलं चिंतलं, दिनानाथचं चिंतलं. कॅम्पात तिला पहिल्यांदा आपल्या ग्लासातून पाणी देणारी एक सिंधी म्हातारी होती, तिला आठवून तिचंही चिंतलं. मग कौसाबाईला डोळ्यांसमोर आणलं. तिला वाटलं होतं, देवळी दिसेल, अंगारा दिसेल, भगत दिसेल. आणि राग येईल, तो नीट बघायचा.

पण दिसलं दुसरंच. त्या दिवशीची पहाट. अंधारात गोधडीत झोपलेली अंजनी. जिजा कामावर निघताना वाकली आणि पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरम होतं. गोधडीच्या उबेनं असेल, असं ती स्वतःशी म्हणाली आणि निघून गेली. आत्ता, इतक्या वर्षांनी, आंब्याखाली बसलेली असताना तिच्या तळव्याला ती ऊब लागली. गोधडीची नव्हती ती. तेव्हाही तिला कळलं होतं. कळलं होतं आणि ती गेली होती.

जिजा उठली. झोपडीत जाऊन तिनं वळकटी बांधली, ताट कमरेला खोचलं आणि माळ उतरून बदलापूरच्या वाटेला लागली. भंत्यांनी डोळे उघडून पाहिलं. कुणी तिला अडवलं नाही.

कापणी झालेल्या खाचरांच्या बांधावरून ती भराभरा चालली होती. मागून कुणीतरी धावत येत असल्याचं कळलं तरी तिनं वळून पाहिलं नाही.

"जिजे!"

तो आवाज ऐकून ती जागच्या जागी थांबली. कौसाबाई धापा टाकत आली, बांधावर उभी राहिली. पायात काही नव्हतं, पोटऱ्यांना गवताची कुसळं टोचली होती.

"तू कशापायी जातेस?" ती म्हणाली. नऊ वर्षांनी बोलत होती तरी काल बोलल्यासारखं बोलली. "तुझं बरं चाललं व्हतं. मी बघत व्हते. माझ्यामुळं उठली असशील तर मी जाते. तू मागं फिर."

"तुझ्यामुळं नाय."

"मंग?"

जिजानं वळकटी छातीशी धरली होती. "भंते म्हणाले, ज्याच्यावर राग हाये त्याला आठवा. तुला आठवाय बसले. आन्..." तिनं वळकटी बांधावर टाकली. "बाय, त्या दिवशी पहाटं मी पोरीच्या कपाळाला हात लावला व्हता. गरम व्हतं. मला कळलं व्हतं. तरी मी गेले कामाला. आन् तुला डाकीण म्हणाले."

कौसाबाईनं मान खाली घातली. ती म्हणाली, "मला ठाव हाये."

"काय ठाव हाये?"

"तू गेलीस आन् मी तिला उचलाय गेले तर अंग भाजत व्हतं. अंथरूण घामानं भिजलेलं. तवाचा ताप नव्हता तो, रातचाच असणार."

जिजा तिच्याकडे बघतच राहिली. "मंग तवा का नाय बोललीस? सगळ्या वाड्यासमोर मी तुला काय काय बोलले. एवढं एक सांगितलं असतंस तर—"

"तर तू त्याच दिवशी हिरीत उडी टाकली असतीस. पोर गेलेली, त्यात हे तुझ्या पदरात घालू? मी काय, एकटी बाई. मला म्हणेनात का डाकीण."

 जिजा बांधावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. कौसाबाई जवळ गेली नाही. चार हातांवर बांधावरच टेकली.

"तू मला लई चांगली समजू नको," ती पुढे म्हणाली. "बोलले नाय हे खरं, पण तुझं तोंड बघू वाटंना. वांझोटी म्हणालीस ते अजून टोचतं. दिनानाथ झाला तवा कुडाला कान लावून त्याचं रडणं ऐकत बसले, पण मधी एक कूडच असून आले नाय. तू बोलावलं असतंस तरी आले असते का, ठाव नाय. आन् पोरीला देवळीत मीच नेलं. आईवर भरवसा टाकला. मला पक्कं वाटलं व्हतं, ती राखील. मंग तो टाक नदीत सोडला तवा पोरं नाचत व्हती, माझं कौतुक करत व्हती. मी पाण्यात उभी. मनात म्हटलं, हा नुसता पत्रा असंल, तर मी अंजनीला कुणाच्या हवाली केलं?"

हे ऐकून जिजाचं रडणं थांबलं. नदीकाठचा तो दिवस तिला आठवला आणि आपण त्या दिवशी या बाईकडे कसं पाहत होतो तेही आठवलं.  दूरवर नवसू ठाकराच्या म्हशी कापलेल्या भाताच्या खुंटांत चरत होत्या. त्यांतली एक बांधाशी आली, दोघींकडे पाहून निघून गेली.

"ती तुला माय म्हणायची," जिजा म्हणाली.

"व्हय."

"मला लई राग यायचा त्याचा."

"मला ठाव व्हतं," कौसाबाई म्हणाली. "मला बरं वाटायचं."

जिजानं डोळे पुसले. उठून वळकटी काखेला मारली. "चल."

"कुठं?"

"पाण्याची पाळी आपलीच हाये. ती तुळशी वर बोंबलत असंल."

दोघी माळावर परत आल्या तेव्हा भंते आंब्याखाली पानं गोळा करत होते. जिजा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भंते, आम्ही मौन मोडलं."

भंत्यांनी आधी न ऐकणारा कान पुढे केला, मग दुसरा. जिजानं पुन्हा सांगितलं. त्यांनी दोघींच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "मोडलं तर मोडलं," ते म्हणाले. "आता परत धरा."

पौर्णिमेपर्यंत त्या राहिल्या. सगळं एकदम शांत झालं असं काही नाही. जिजा बसली की कधी राग यायचा, कधी तळव्याची ती ऊब यायची, आणि ती ऊब रागापेक्षा सोसायला अवघड होती. पण आता ती उठून गेली नाही. ऊब यायची, बराच वेळ राहायची आणि जायची. ती गेली की श्वास तिथेच असायचा.

पालेगावला दोघी एकत्र परतल्या, तेव्हा वाड्यातल्या बायका हातातलं काम टाकून दारात आल्या. जनू कामावरून आला तर कौसाबाई त्याच्या चुलीशी बसून भाकऱ्या थापत होती आणि दिनानाथ तिच्या पाठीला रेलून बसला होता. जनू बाहेर गेला आणि ओट्यावर बराच वेळ बसून राहिला.

पुढचं वर्ष दोघींनी नऊ वर्षांचं बोलणं भरून काढलं. कुडाच्या अलीकडून-पलीकडून त्यांच्या गप्पा चालायच्या. भांडणंही झाली. कौसाबाईची कोंबडी जिजाच्या परसात अंडी घालायची त्यावरून, दिनानाथला लाडावून ठेवते त्यावरून. एकदा जिजा रागानं "तुला काय कळतंय पोराचं" असं म्हणून गेली आणि तिचं तिलाच चरकलं. कौसाबाई चुलीत फुंकर घालत म्हणाली, "म्हण, म्हण. आता म्हटलं तरी मी घरात पळून जायची नाय."

दुसऱ्या पौषात पुन्हा चंदेरीखाली जायची वेळ आली तेव्हा कौसाबाईनं आपली भांडी जिजाच्या घरात आणून ठेवली.

"हे काय?"

"मी तिकडंच राहते आता. भंत्यांनी झोपडी बारमाही करायची ठरवलीय. बायका येतात, त्यांच्याकडं बघाय कुणीतरी पाहिजे. पांढरं नेसीन, एक वेळ जेवीन. घर तुला."

जिजाच्या हातातलं सूप खाली पडलं. "आत्ता कुठं बोलाय लागलो आन् तू चाललीस? मला सोडून? दिनानाथला सोडून?"

"तुझ्यावर राग असता तर गेले नसते," कौसाबाई म्हणाली. "लोक म्हणले असते, रुसून गेली. आन् खरंच असतं ते. आता बसते तवा मला बरं वाटतं जिजे. किती वर्षं राहिलीत माझी? ती तिथं बसून घालवावीत वाटतं."

जिजानं तिच्याशी वाद घातला, रडली, जनूला मध्ये घातलं. काही चाललं नाही म्हणताना अंबरनाथला गेली आणि भंत्यांसमोर बसली. "भंते, तुम्ही तिला नाय म्हणा. तुमचं ऐकंल ती."

"मी तिला बोलावलं नाही," भंते म्हणाले. "आणि येते तर नको म्हणणार नाही. पण ती माझं ऐकेल असं नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही 'नको जाऊ' असं मनापासून म्हणालात, तर ती राहील. मला तिनं तसं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"जिजा म्हणाली तर मी थांबेन, म्हणून."

जिजा विहारातून बाहेर पडली आणि पायीच पालेगावकडे निघाली. वाटभर ती मनात वाक्य जुळवत होती. बाय, नको जाऊ. एवढंच म्हणायचं होतं. ते खरंच होतं, मनापासूनचं होतं, आणि म्हटलं की काम होणार होतं. गावाच्या वेशीपाशी आली तरी ती तेच घोकत होती.

कौसाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं. "काय म्हणाले भंते?"

जिजा तिच्याकडे पाहत उभी राहिली. म्हातारीचे केस पांढरे झाले होते, डोळे शांत होते, आणि ती खरोखरच उत्तराची वाट पाहत होती. जे उत्तर येईल ते ती ऐकणार होती.

"म्हणाले, तिकडं थंडी लई असती," जिजा म्हणाली. "घोंगडी ने."

आणि ती घोंगडी शोधायला घरात गेली.

कौसाबाईला पोचवायला तीच गेली, डोक्यावर घोंगडी आणि तांदळाचं गाठोडं घेऊन. त्यानंतर दर पौर्णिमेला जायची. कधी जनू बरोबर असायचा, कधी दिनानाथ. तांदूळ, वाल, मीठ न्यायची. वाड्यातल्या साऱ्या बातम्या सांगायची, कुणाला मूल झालं, कुणाचा नवरा दारू सोडून आला. कौसाबाई ऐकायची आणि मनापासून हसायची, पण परत येण्याचं नाव कधी काढलं नाही. सुरुवातीला जिजाला परतीच्या वाटेवर फार जड जायचं. बदलापूरपर्यंत ती कुणाशी बोलायची नाही. मग हळूहळू ते कमी झालं. कधी व्हायचं, कधी नाही.

एका पौर्णिमेला ती पोचली तेव्हा झोपडीच्या सावलीत एक तरणी, अनोळखी बाई गुडघ्यात डोकं घालून हुंदके देत बसली होती. कौसाबाई तिच्या शेजारी नुसती बसली होती, हात तिच्या पाठीवर. जिजाला पाहून तिनं मान हलवली, पण उठली नाही. जिजानं गाठोडं आंब्याखाली ठेवलं आणि थोडा वेळ थांबली. ती बाई रडतच होती. कामाला कुणी दुसरं दिसत नव्हतं, तुळशीची चूल थंड होती. जिजानं पदर खोचला, कोपऱ्यातली घागर उचलली आणि ओढ्याच्या वाटेनं वर चढू लागली.